रक्कम जमा होते, तरी ‘एरर’चा अलर्ट का येतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. शहापूरला मुख्य कार्यालय आणि निपाणी, खानापूर, संकेश्वर इथं शाखा असलेल्या पतसंस्थेचं पिग्मीचं सॉफ्टवेअर तुम्ही सांभाळता. सर्व्हरवर पीएचपी, डेटाबेस मायएसक्यूएल आणि ब्राउझरमध्ये जेक्वेरी. कारकून रक्कम टाकून ‘सेव्ह’ दाबतो, पान न बदलता मागच्या मागे सर्व्हरला रिक्वेस्ट जाते आणि ‘एरर’ असा अलर्ट येतो. खात्यात बघावं तर रक्कम जमा झालेली असते. खानापूर आणि संकेश्वरला हे दर वेळी, शहापूर आणि निपाणीला कधीच नाही. शिवाय कधी एकाच सेव्हला तीन-चार अलर्ट येतात, कधी नुसतं ‘एरर:’ आणि पुढं कोरं. एका काउंटरवर रक्कम भरलेली असतानाही ‘रक्कम शून्य असू नये’ येतं, आणि पावतीची विंडो कधी उघडते, कधी नाही. खानापूरचं नेटवर्क खराब म्हणून हे सगळं होतं, असं तुमच्या व्यवस्थापकांचं म्हणणं.

नेटवर्क हे मूळ कारण नव्हे, आणि ते तुम्ही दिलेल्या माहितीतूनच दिसतं. खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात पावसाळ्यात लाइन जाते हे खरं. पण संकेश्वर पुणे-बेंगळूरु महामार्गावर आहे, निपाणीसारखंच. आणि नेटवर्कचा दोष असता तर कधी चाललं असतं, कधी अडलं असतं. दोन शाखांत दर वेळी अडतं आणि दोन शाखांत एकदाही नाही, म्हणजे फरक पाठवल्या जाणाऱ्या माहितीत आहे.

कोडला हात लावण्याआधी आज एक काम करा. चारही शाखांच्या कारकुनांना सांगा की अलर्ट आला तरी पुन्हा सेव्ह दाबायचं नाही, आधी खात्याचा उतारा उघडून बघायचा. कारण हा अलर्ट खोटं सांगतोय. कारकून त्यावर विश्वास ठेवतो, पुन्हा सेव्ह दाबतो आणि एका दिवसाची पिग्मी दोनदा जमा होते. पिग्मी म्हणजे भाजीवाल्याचे, हातमागवाल्याचे, चहाच्या गाड्याचे रोजचे पन्नास-शंभर रुपये. १९२८ साली उडुपीच्या बँकेनं ही योजना काढली तेव्हा दिवसाला दोन आण्यांपासून पैसे घेतले जात. एवढ्या लहान रकमेचा हिशेब चुकला तर तो खातेदाराला पाठ असतो, आणि बोल पैसे गोळा करणाऱ्या एजंटला लागतो.

आता मूळ मुद्दा. तुमच्या कोडमध्ये दोनच निकाल धरले आहेत: यश आणि एरर. प्रत्यक्षात निकाल तीन असतात. नोंद झाली, नोंद झाली नाही, आणि झाली की नाही ते ब्राउझरला ठाऊक नाही. सर्व्हरनं नोंद केली पण उत्तर वाटेत अडकलं, किंवा उत्तर आलं पण वाचता आलं नाही, तर तो तिसरा निकाल. तुम्ही तिसऱ्यालाही ‘एरर’ म्हणता, आणि ऐकणारा त्याचा अर्थ ‘झालं नाही’ असा घेतो. पुढचं जवळजवळ सगळं या एका गोष्टीवर येऊन ठेपतं.

रिक्वेस्ट फसली की चालणाऱ्या जेक्वेरीच्या एरर फंक्शनला तीन गोष्टी मिळतात. तुम्ही त्यातली फक्त तिसरी छापता, म्हणून कधी नुसतं कोरं दिसतं. दुसरी गोष्ट जास्त बोलकी आहे. तिच्यात ‘टाइमआउट’ (वेळ संपला), ‘अबॉर्ट’ (रद्द झालं), ‘पार्सरएरर’ (उत्तर वाचता आलं नाही) किंवा साधं ‘एरर’ यांपैकी एक शब्द येतो. पहिलीतून स्टेटसचा आकडा आणि सर्व्हरनं पाठवलेला कच्चा मजकूर मिळतो. हे तिन्ही ब्राउझरच्या कन्सोलवर छापा. मग क्रोममध्ये एफ-१२ दाबून नेटवर्क टॅब उघडा, ‘प्रिझर्व्ह लॉग’वर खूण करा, वरच्या गाळणीत फेच आणि एक्सएचआर निवडा आणि खानापूरच्या एका खातेदाराची नोंद चाचणी सर्व्हरवर करून बघा. माझ्या अंदाजानं तुम्हाला स्टेटस २०० (म्हणजे सर्व्हरच्या मते सगळं ठीक), पार्सरएरर आणि पूर्ण रिकामं उत्तर दिसेल.

रिकामं का, ते तुम्ही पाठवलेल्या पीएचपीच्या तुकड्यात आहे. रक्कम टेबलात घालून व्यवहार पक्का झाल्यावर तुम्ही छोट्या थर्मल प्रिंटरच्या पावतीसाठी शाखेचं नाव ‘सबस्ट्र’ या फंक्शननं २० वर कापता आणि जेसन (ब्राउझरला माहिती पाठवायचा मजकुराचा साचा) करून पाठवता. ‘सबस्ट्र’ अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतं. यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे प्रत्येकी वेगळं चिन्ह. आता मोजा. ‘निपाणी’ म्हणजे ६ चिन्हं, १८ बाइट. ‘शहापूर’ही ६, १८ बाइट. दोन्ही २० च्या आत बसतात. ‘खानापूर’ ७ चिन्हं, २१ बाइट; विसाव्या बाइटवर कापलं की शेवटच्या ‘र’चे दोनच बाइट उरतात. ‘संकेश्वर’ ८ चिन्हं, २४ बाइट, त्याचंही सातवं चिन्ह मधोमध तुटतं. अर्धवट चिन्ह असलेला मजकूर ‘जेसन-एन्कोड’ला दिला की ते काही बदलून देत नाही, सरळ ‘फॉल्स’ परत करतं. ‘फॉल्स’ छापलं की पीएचपी काहीच छापत नाही. कसलीही तक्रार होत नाही, स्टेटस २०० राहतं, आणि उत्तर कोरं जातं. जेक्वेरीच्या १.९ आवृत्तीपासून जेसनच्या जागी आलेला रिकामा मजकूर बिघडलेला धरला जातो, म्हणून एरर फंक्शन चालतं आणि तुमचा अलर्ट येतो. तोवर रक्कम जमा होऊन गेलेली असते.

कन्नड लिपीचंही गणित हेच, तिथंही प्रत्येक चिन्हाला ३ बाइट. त्यामुळे शाखांची नावं कन्नडमध्ये भरून प्रश्न सुटणार नाही. पत्त्यात ‘बेळगाव’ असेल तर १८ बाइट आणि चालतं. कुणी सरकारी नावाप्रमाणे ‘बेळगावी’ केलं की २१, आणि मुख्य कार्यालयाच्या पावत्याही अडायला लागतील. सगळी नावं इंग्रजीत भरून चाचणी केली असेल तर हा दोष कधीच दिसला नसता.

दुरुस्ती अशी करा. ‘सबस्ट्र’ऐवजी ‘एमबी-सबस्ट्र’ वापरा. ते चिन्हांवर मोजतं, त्यामुळे मजकूर वैध राहतो. पण तेही अक्षर आणि त्याची मात्रा वेगळी करू शकतं. पावतीवर नाव नीट दिसायला हवं असेल तर पीएचपीच्या इंटल एक्स्टेन्शनमधलं ‘ग्राफीम-सबस्ट्र’ घ्या, ते मात्रेसकट अक्षर धरून कापतं. दुसरं, पीएचपी ७.३ पासून ‘जेसन-एन्कोड’ला अडचण आली तर अपवाद फेकायला सांगता येतं, ती खूण चालू करा, म्हणजे पुढं असा दोष कोऱ्या उत्तराआड लपणार नाही. तिसरं आणि महत्त्वाचं: पावतीचा मजकूर तयार करण्याचं काम व्यवहार पक्का करण्याच्या आधी आणा. पावती बनत नसेल तर रक्कम जमा होण्याआधीच कळू दे.

याच जातीचा आणखी एक दोष आपल्या भागात हमखास सापडतो. जुन्या खातेदारांची नावं श्रीलिपी किंवा नुडीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये भरलेली असतात, आणि कुणीतरी ती तशीच नव्या टेबलात ओतलेली असतात. ते बाइट यूटीएफ-८ म्हणून वैध नसतात, की पुन्हा कोरं उत्तर. एका शाखेत ठरावीक जुन्या खात्यांनाच अलर्ट येत असेल तर तिथं बघा. ती नावं परिवर्तक वापरून एकदाच युनिकोडमध्ये आणावी लागतील आणि कुणीतरी मराठी-कन्नड दोन्ही वाचणाऱ्यानं नजरेखालून घालावी लागतील.

आता तीन-चार अलर्ट. एक खूण बघा: पान ताजं उघडल्यावर पहिल्या सेव्हला एक अलर्ट, दुसऱ्या एजंटचा फॉर्म उघडून सेव्ह केलं की दोन, तिसऱ्याला तीन, असं वाढत जातं का? तुमच्या कोडवरून तसंच होत असणार. एजंट बदलला की तुम्ही फॉर्मचा तुकडा सर्व्हरवरून मागवता, त्याच्यासोबत स्क्रिप्टही येते, आणि ती दर वेळी डॉक्युमेंटवर सेव्हचं क्लिक नव्यानं बांधते. जुनं बांधलेलं सुटत नाही. हे नुसतं त्रासाचं नाही. तीन अलर्ट म्हणजे तीन रिक्वेस्ट, आणि तीन रिक्वेस्ट म्हणजे तीन नोंदी. नेटवर्क टॅबमध्ये एका क्लिकला किती ओळी उमटतात ते मोजा. क्लिक बांधण्याचा कोड तुकड्यातून काढून मुख्य पानात एकदाच ठेवा. ते लगेच जमत नसेल तर क्लिकला एक नाव देऊन आधी त्याच नावाचं सोडा, मग बांधा. अलर्टची संख्या वाढत नसून दर वेळी ठरावीकच असेल तर कारण वेगळं: जेक्वेरीशिवाय थेट एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट वापरलेल्या जुन्या पानांत ‘रेडीस्टेट’ ४ झालं का, म्हणजे रिक्वेस्ट पूर्ण झाली का, हे न बघता अलर्ट दिलेला असतो, आणि एका रिक्वेस्टमध्ये ती अवस्था अनेकदा बदलते.

कोऱ्या अलर्टचं कारण बहुतेक सेव्हचं बटण. फॉर्मच्या आत ठेवलेल्या बटणाला प्रकार दिला नाही तर ब्राउझर त्याला सबमिट समजतो. क्लिक झालं की तुमची मागची रिक्वेस्ट निघते आणि त्याच क्षणी फॉर्मही सबमिट होऊन पान पुन्हा उघडायला लागतं. अर्ध्या वाटेवरची रिक्वेस्ट रद्द होते, स्टेटस ०, आणि सांगण्यासारखं काही नसल्यामुळे मजकूर कोरा. काही ब्राउझरांत जाता जाता अलर्ट दिसतो, काहींत काहीच दिसत नाही. तुम्ही लिहिलंय की मध्ये चाचणीसाठी एक अलर्ट ठेवला तेव्हा सगळं नीट चाललं आणि काढल्यावर पुन्हा बिघडलं. त्याचं कारणही हेच. अलर्ट बंद करेपर्यंत पान थांबून राहतं, तेवढ्या वेळात रिक्वेस्ट सर्व्हरपर्यंत पोचते. तो अलर्ट ठेवून देऊ नका. बटणाला ‘बटन’ हा प्रकार द्या, किंवा फॉर्मच्या सबमिटमध्ये ‘प्रिव्हेंटडिफॉल्ट’ करून पान पुन्हा उघडणं थांबवा. एंटर दाबून सेव्ह करणारे कारकून असतात, म्हणून मी दुसरा मार्ग पसंत करतो.

‘रक्कम शून्य असू नये’ हा अलर्ट येणाऱ्या काउंटरवर क्रोमची भाषा मराठी आहे का ते बघा. रकमेच्या चौकटीत तुम्ही ‘टूलोकेलस्ट्रिंग’ (आकडा एखाद्या भाषेच्या पद्धतीनं लिहिणारं फंक्शन) भाषा न सांगता वापरलंय. भाषा सांगितली नाही की ते ब्राउझरची भाषा घेतं, आणि मराठीसाठी आकडे देवनागरी येतात: १,२००. कन्नडसाठी मात्र नेहमीचे इंग्रजी आकडेच येतात, म्हणून शेजारच्या कन्नड क्रोममध्ये हा अलर्ट दिसत नाही. पीएचपीनं देवनागरी ‘१,२००’चा पूर्णांक केला की ० मिळतो. आणि शेजारच्या काउंटरवर सगळं ठीक आहे असं समजू नका. इंग्रजी आकड्यांत स्वल्पविरामासह बाराशे पाठवले तर पीएचपी स्वल्पविरामापाशी थांबतं आणि १ रुपया धरतं, अलर्टशिवाय! या सगळ्यांत मला ही चूक सर्वांत धोक्याची वाटते, कारण ती तुमच्या तक्रारींच्या यादीतच नाही. स्वल्पविराम घातलेली रक्कम फक्त दाखवायला ठेवा, पाठवायची रक्कम वेगळी आणि साधी ठेवा. सर्व्हरवर देवनागरी आणि कन्नड आकडे बदलून घ्या, स्वल्पविराम काढा, आणि त्यानंतरही आकड्यांखेरीज काही उरलं तर नोंद नाकारा.

पावतीच्या विंडोचा भाग सोपा आहे. नवी विंडो उघडायला ब्राउझरला माणसाचं ताजं क्लिक लागतं. क्रोम क्लिकनंतर सुमारे ५ सेकंद ते ताजं धरतो, सफारी त्याहून कमी. उत्तर आल्यावर तुम्ही विंडो उघडता, म्हणजे उत्तर लवकर आलं तर उघडते, उशीर झाला तर पॉपअप ब्लॉकर अडवतो. इथं मात्र खानापूरचं नेटवर्क खरंच आड येतं. सेव्ह झाल्यावर ‘पावती छापा’ असं बटण दाखवा. त्यावरचं क्लिक नवं असतं, ते अडत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये न लिहिलेला अलर्टही कधी येतो. तो कुठून आला ते शोधायला कन्सोलमध्ये विंडोचं अलर्ट फंक्शन तात्पुरतं बदलून त्याजागी ‘कन्सोल डॉट ट्रेस’ ठेवा. कोणत्या फाइलच्या कोणत्या ओळीनं हाक मारली ते सगळं उमटतं. तक्ते दाखवणारं डेटाटेबल्स वापरत असाल तर त्याचा स्वतःचा एररचा अलर्ट असतो आणि तो मुळातच चालू असतो. दुपारच्या सुट्टीनंतर पहिल्याच नोंदीला अलर्ट येत असेल तर लॉगिनची मुदत संपलेली असते: सर्व्हर लॉगिनच्या पानाकडे वळवतो, ब्राउझर गुपचूप तिकडे जातो, आणि जेसनऐवजी एचटीएमएल हाती येतं. मागून येणाऱ्या रिक्वेस्टला वळवू नका, ४०१ (लॉगिन हवं) हे स्टेटस पाठवा. आणि पुढं जेक्वेरी सोडून ब्राउझरचं स्वतःचं फेच वापरणार असाल तर लक्षात ठेवा, फेच ४०४ (पान सापडलं नाही) किंवा ५०० (सर्व्हरमध्ये बिघाड) ला अपयश मानत नाही. ‘ओके’ स्वतः तपासावं लागतं. नाहीतर आज नोंद होऊन एरर येतो, उद्या नोंद न होताच ‘जमा झाले’ येईल.

आता तिसऱ्या निकालाची सोय. नोंदीचा फॉर्म उघडताना सर्व्हरनं एक एकमेव क्रमांक द्यावा आणि तो नोंदीसोबत परत यावा. टेबलात त्या रकान्यावर युनिक इंडेक्स ठेवा, म्हणजे एकच क्रमांक दोनदा बसणार नाही. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर नवी नोंद न करता आधीच्या नोंदीचं उत्तर परत द्या. हा क्रमांक ब्राउझरच्या ‘रँडमयूयूआयडी’नं बनवायचा मोह होईल, पण शाखेतल्या साध्या एचटीटीपी पत्त्यावर ते फंक्शन मिळतच नाही, म्हणून तो सर्व्हरकडूनच घ्या. टाइमआउट झाला किंवा उत्तर वाचता आलं नाही की ‘एरर’ म्हणू नका. ‘नोंद झाली का ते तपासत आहे’ असं दाखवा, त्याच क्रमांकानं सर्व्हरला विचारा आणि मग खरं ते सांगा. तोवर सेव्हचं बटण बंद ठेवा.

हा मजकूर अलर्टमध्ये नको, पानातच दाखवा. क्रोममध्ये लागोपाठ अलर्ट आले की ‘या पानाला आणखी डायलॉग दाखवू देऊ नका’ अशी चौकट येते. वैतागलेल्या कारकुनानं तिच्यावर खूण केली की पुढचे अलर्ट तर बंद होतातच, पण ‘नोंद रद्द करायची का?’ हा कन्फर्मही न दिसता ‘नाही’ असं उत्तर देतो. ‘डायलॉग’ हा एचटीएमएलचाच घटक २०२२ पासून सगळ्या प्रमुख ब्राउझरांत चालतो, तो पुरेसा आहे. सर्व्हरकडून वाक्य न पाठवता एक सांकेतिक क्रमांक पाठवा आणि वाक्य कारकुनाच्या पसंतीप्रमाणे मराठीत किंवा कन्नडमध्ये दाखवा. पैशाबद्दलचं वाक्य माणसाला आपल्या भाषेत, एका नजरेत कळलं पाहिजे. इंग्रजी अलर्ट न वाचता एंटर मारणारे कारकून मी पुष्कळ बघितलेत, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

राहिल्या आजवर झालेल्या दुबार नोंदी. एकच खातं, एकच एजंट, एकच रक्कम आणि दोन नोंदींत पाच मिनिटांहून कमी अंतर, असा शोध घ्या, आधी खानापूर आणि संकेश्वरचा. जे निघेल ते सगळं चूकच असेल असं नाही. एखादा दुकानदार स्वतःची आणि आदल्या दिवशी राहिलेली रक्कम लागोपाठ भरतो. प्रत्येक जोडी एजंटच्या मशिनमधल्या त्या दिवसाच्या बेरजेशी आणि रोखीच्या नोंदीशी ताडून बघा. स्वल्पविरामामुळे १ रुपया धरल्या गेलेल्या नोंदी याच यादीत येणार नाहीत, त्यांच्यासाठी दहा रुपयांखालच्या सगळ्या नोंदी वेगळ्या काढा. टेबलातली ओळ थेट पुसू नका. व्यवस्थापकांच्या सहीनं उलट नोंद घाला, कारण लिहा, आणि मूळ नोंदीचा क्रमांक जोडा. जादा जमेवर एजंटचं कमिशन आणि खातेदाराचं व्याज निघालं असेल, तेही त्याच दिवशी दुरुस्त करा, आणि खातेदाराला उताऱ्यात ती उलट नोंद दिसण्याआधी शाखेतून फोन जाऊ द्या.